जुना कॉम्प्युटर, अडखळणारा व्हिडिओ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहा-बारा वर्षे जुना लॅपटॉप हिशेब, टायपिंग, ईमेल सगळे अजून नीट करतो. पण एचडी व्हिडिओ लावला की चित्र अडकत अडकत चालते, आवाज पुढे जातो आणि ओठ मागे राहतात. मग सल्ले सुरू होतात: रॅम वाढवा, एसएसडी टाका, नेटचा प्लॅन बदला, नाहीतर सरळ नवा घ्या. यातल्या बहुतेक सल्ल्यांत पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते, कारण दुखणे नेमके कुठे आहे हे कोणी पाहिलेलेच नसते.

आधी कॉम्प्युटरला काय काम करावे लागते ते पाहू. १०८०पी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ६.२ एमबीची होते आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने एका सेकंदाचा व्हिडिओ १५५ एमबीचा. एवढा माल साठवणे आणि पाठवणे परवडत नाही, म्हणून कोडेक वापरून तो दाबून लहान केला जातो. ऑनलाइन येणारा १०८०पी व्हिडिओ सेकंदाला बहुधा एक एमबीच्या आतच असतो. पाहताना मात्र त्यातून प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांत पुन्हा उभी करावी लागते. हेच डिकोडिंग. वेळ चुकली की फ्रेम गाळली जाते आणि डोळ्याला झटका जाणवतो.

गैरसमज १: व्हिडिओ अडखळतो म्हणजे नेट स्लो आहे.

वस्तुस्थिती: नेट कमी पडले तर चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात आणि पडद्यावर गोल फिरू लागतो. आवाज सलग येत असेल आणि फक्त चित्र धक्के खात असेल, तर माल वेळेवर पोचला आहे. तो उलगडायला कॉम्प्युटर कमी पडतो आहे. खात्री करायची असेल तर यूट्यूबच्या चालू व्हिडिओवर माउसचे उजवे बटण दाबा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथे ‘ड्रॉप्ड’ फ्रेमचा आकडा सतत वाढत असेल, तर महागडा प्लॅन घेऊन काहीही सुधारणार नाही.

गैरसमज २: प्रोसेसरच जुना, आता काही होणार नाही.

वस्तुस्थिती: डिकोडिंग दोन ठिकाणी होऊ शकते. एक तर मुख्य प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या मदतीने ते करतो, नाहीतर ग्राफिक्स चिपमध्ये खास या कामासाठी असलेले सर्किट करते. या सर्किटला तेच काम फार कमी विजेत आणि जवळपास ताण न येता जमते. फक्त, चिप तयार झाली तेव्हाचेच कोडेक त्याला ओळखीचे असतात.

इंटेलचे उदाहरण घ्या. २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधले सर्किट एच.२६४ हा कोडेक सहज उलगडते. २०१५ च्या सहाव्या पिढीत एचईव्हीसीची भर पडली, सातव्या पिढीत व्हीपी९ ची, आणि एव्ही१ साठी २०२० ची अकरावी पिढी यावी लागली. म्हणजे २०११ चा लॅपटॉपसुद्धा १०८०पी नीट दाखवू शकतो, पण तो व्हिडिओ एच.२६४ मध्ये हवा.

याला मर्यादाही आहे. २००८-०९ च्या सुमाराच्या, ॲटम प्रोसेसरच्या बहुतेक छोट्या नेटबुकमध्ये असे सर्किटच नव्हते. तिथे १०८०पीचा आग्रह सोडावाच लागतो.

गैरसमज ३: १०८०पी म्हणजे १०८०पी; सगळीकडे ताण सारखाच.

वस्तुस्थिती: यूट्यूबसारख्या ठिकाणी एकाच व्हिडिओच्या वेगवेगळ्या कोडेकमधल्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात आणि ब्राउझर जे चालवू शकतो म्हणून सांगतो त्यावरून त्यातली एक पाठवली जाते. नवा ब्राउझर व्हीपी९ आणि एव्ही१ दोन्ही सॉफ्टवेअरने चालवतो, त्यामुळे जुन्या मशीनवरही तीच आवृत्ती येऊ शकते. मग सर्किट रिकामे बसते आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो.

‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मधली ‘कोडेक्स’ ही ओळ वाचा. एव्हीसी१ दिसले तर एच.२६४, व्हीपी०९ दिसले तर व्हीपी९ आणि एव्ही०१ दिसले तर एव्ही१. शेवटच्या दोहोंपैकी काही दिसत असेल, तर एच.२६४ आवृत्तीच मागवणारे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकून पाहा. ब्राउझरच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सलरेशन चालू आहे ना, हेही बघा. कित्येकदा एवढ्यानेच काम होते.

गैरसमज ४: फाइल लहान असेल तर ताणही कमी.

वस्तुस्थिती: बरेचदा नेमके उलटे असते. एचईव्हीसी ही पद्धत २०१३ मध्ये आली ती त्याच दर्जाचा व्हिडिओ कमी जागेत बसवण्यासाठी. जागा वाचते, पण उलगडायला गणित जास्त करावे लागते. म्हणून ८०० एमबीची एचईव्हीसी फाइल अडखळते आणि २ जीबीची एच.२६४ फाइल त्याच मशीनवर सुरळीत चालते. फाइलच्या नावाशेवटी असलेले एमपी४ किंवा एमकेव्ही हे फक्त वेष्टन. आत कोणता कोडेक आहे ते त्यावरून कळत नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबले की कोडेकचे नाव दिसते.

घरच्या मुंजीचे, वाढदिवसाचे मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरवर अडकतात तेही बहुधा याच कारणाने. आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले तर नेहमीचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये होतात. आधीच घेतलेले व्हिडिओ हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने ७२०पी एच.२६४ मध्ये बदलून घेता येतात. जुन्या मशीनवर याला वेळ लागतो. रात्री लावून ठेवावे. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी.

गैरसमज ५: रॅम वाढवली, एसएसडी टाकली की व्हिडिओ पळेल.

वस्तुस्थिती: ब्लू-रे डिस्कवरच्या व्हिडिओलाही सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी लागतात, साधी हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट देते. एसएसडीने कॉम्प्युटर लवकर सुरू होतो, प्रोग्रॅम झटपट उघडतात आणि तो खर्च त्यासाठी चांगलाच आहे. पण डिकोडिंगचा वेग त्याने बदलत नाही. रॅमचेही तेच: २ जीबीवर ब्राउझरची घुसमट होत असेल तर वाढवलेली रॅम उपयोगी पडेल, पण मोकळी रॅम असतानाही फ्रेम गळत असतील तर नाही.

गैरसमज ६: कोडेक पॅक टाकला की सगळे चालते.

वस्तुस्थिती: व्हीएलसी, एमपीव्ही यांसारख्या प्लेअरमध्ये लागणारे जवळपास सगळे कोडेक आधीपासून असतात. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या पॅकमधून व्हायरस येण्याचा धोका मात्र खरा आहे. त्याऐवजी व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट/कोडेक्स’खाली हार्डवेअर डिकोडिंग ‘ऑटोमॅटिक’ करा. विंडोज नव्याने टाकले असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उघडून पाहा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसले, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बसलेला नाही आणि सर्किट असूनही वापरात नाही.

गैरसमज ७: १०८०पी नसेल तर चित्र खराबच दिसणार.

वस्तुस्थिती: त्या काळातल्या असंख्य लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचा आहे. त्यावर १०८०पी लावले तरी चित्र शेवटी स्क्रीनच्या मापातच आखडते. ७२०पी मध्ये पिक्सेल निम्म्याहूनही कमी, आणि अशा स्क्रीनवर फरक सहसा डोळ्याला कळत नाही. सेकंदाला ६० फ्रेमऐवजी ३० फ्रेमची आवृत्ती मिळाली तर काम आणखी निम्म्याने उतरते.

एक कारण तपासायचे राहूनच जाते: धूळ. पहिली दहा मिनिटे व्हिडिओ नीट चालून मग अडखळू लागला, तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत असण्याची शक्यता मोठी. पंखा साफ करून घेणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे, हा थोडक्या पैशांचा उपाय आहे. बॅटरीवर पॉवर सेव्हर चालू असतानाही वेग असाच उतरतो.

तेव्हा पैसे काढण्याआधी क्रमाने पाहा: गोल फिरतो की फ्रेम गळतात, कोडेक कोणता आहे, ड्रायव्हर बसला आहे का, मशीन तापते आहे का. एवढे करूनही ७२०पी एच.२६४ चालत नसेल, तरच त्या मशीनने व्हिडिओपुरती हद्द गाठली असे समजा. तोपर्यंत चालता कॉम्प्युटर भंगारात देऊ नका.