स्पष्टीकरण : फोन चालू आहे, पण त्याचे संरक्षण कधी थांबले?

वाराणसी : पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटांच्या वरच्या अंगाच्या गल्ल्यांत आजही मराठी कानावर पडते. महाराष्ट्रातून श्राद्धविधी आणि गंगापूजनासाठी येणाऱ्या यात्रेकरूंची व्यवस्था पाहणारी पुरोहित घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. एके काळी यात्रेची बोलणी पोस्टकार्डाने होत असत. आता ती व्हॉट्सॲपवर होतात, दक्षिणा यूपीआयने खात्यात जमा होते आणि होडीचे भाडेही क्यूआर कोड दाखवून घेतले जाते. हा सारा व्यवहार ज्या यंत्रावर चालतो, तो फोन मात्र अनेकदा नवा नसतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने नवा फोन घेतला की जुना वडिलांकडे येतो आणि वडिलांचा आईकडे जातो. फोन लागतो, आवाज नीट येतो, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते; मग तो ‘चांगला’ ठरतो.

हा ‘चांगला’ फोन आतून कधीच उघडा पडलेला असू शकतो. प्रस्तुत वार्ताहराच्या आधीच्या फोनच्या पडद्यावर ‘तुमची प्रणाली अद्ययावत आहे’ असा दिलासा नेहमी दिसत असे. तो खोटा नव्हता. निर्मात्या कंपनीने त्या मॉडेलसाठी काढलेले शेवटचे अद्यतन त्यात बसवलेले होते. फक्त ते शेवटचे अद्यतन दोन वर्षांपूर्वीचे होते.

आपण ज्याला सरसकट ‘अपडेट’ म्हणतो, त्यात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली, कार्यप्रणालीची नवी आवृत्ती : अँड्रॉइड १३ वरून १४ वर जाणे, तसे. दुसरी, सुरक्षा अद्यतन : आवृत्ती तीच राहते, पण त्यात सापडलेली छिद्रे बुजवली जातात. तिसरी, व्हॉट्सॲप किंवा बँकेच्या ॲपसारख्या स्वतंत्र ॲपचे अद्यतन. वापरकर्त्याचे लक्ष पहिल्या प्रकाराकडे असते, कारण त्यात पडद्याचे रूप बदलते. तिसरा प्रकार आपोआप होत राहतो. खरा प्रश्न दुसऱ्याचा आहे आणि तो थांबला तरी फोनवर कोणतेही लक्षण दिसत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या ‘फोनविषयी’ या भागात सुरक्षा पॅचची तारीख दिलेली असते. ती एक वर्षाहून जुनी असेल, तर त्या फोनची डागडुजी थांबली आहे असे समजण्यास हरकत नाही.

दर महिन्याला सुरक्षा अद्यतने काढण्याची पद्धत फार जुनी नाही. जुलै २०१५ मध्ये झिम्पेरियम या सुरक्षा कंपनीतील संशोधक जोशुआ ड्रेक यांनी अँड्रॉइडच्या ‘स्टेजफ्राइट’ या माध्यम-यंत्रणेतील दोष उघड केले. विशिष्ट प्रकारे तयार केलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला, की तो उघडण्यापूर्वीच फोनचा ताबा घेण्याचा मार्ग मोकळा होत असे. त्यासाठी केवळ मोबाईल क्रमांक ठाऊक असणे पुरेसे होते. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने मासिक सुरक्षा पत्रक सुरू केले.

या पत्रकाची एक उलटी बाजू सहसा सांगितली जात नाही. दोषाची दुरुस्ती जाहीर झाली, की दोषही जाहीर होतो. आधीची आणि नंतरची आज्ञावली शेजारी ठेवून पाहिली, तर छिद्र नेमके कुठे होते हे जाणकाराला कळते. ज्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचली ते सुरक्षित होतात. ज्यांच्यापर्यंत ती कधीच पोहोचणार नाही, त्यांच्या घराचा नकाशा मात्र सर्वांच्या हाती पडतो. म्हणून जुना फोन आहे तसाच राहत नाही, तो दर महिन्याला अधिक असुरक्षित होत जातो.

मग कंपन्या दुरुस्ती थांबवतात का? अँड्रॉइडच्या बाबतीत उत्तर साखळीत आहे. गुगल मूळ प्रणालीतील दोष दुरुस्त करते. क्वालकॉम किंवा मीडियाटेक यांसारखी चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपशी निगडित आज्ञावली सुधारते. मग फोन निर्माता ती आपल्या प्रत्येक मॉडेलला जुळवून, तपासून पाठवतो. यातील एका कडीनेही हात काढून घेतला, की साखळी तुटते. दहा-बारा हजार रुपयांच्या फोनवर नफा विक्रीच्या दिवशीच मिळून गेलेला असतो, पुढील प्रत्येक अद्यतन हा निव्वळ खर्च असतो. तांत्रिक अडचणी आहेतच, पण मूळ कारण हिशेबाचे आहे.

भारतात या हिशेबावर तोडगा काढण्याचा एक गाजलेला प्रयत्न झाला होता. १५ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीत, त्या वेळी अँड्रॉइडचे प्रमुख असलेले सुंदर पिचाई यांनी ‘अँड्रॉइड वन’ योजनेची सुरुवात केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे फोन ६,३९९ रुपयांपासून उपलब्ध झाले. प्रणालीची अद्यतने थेट गुगलकडून आणि दोन वर्षांपर्यंत मिळतील, असे आश्वासन त्यासोबत होते. कल्पना योग्य होती. परंतु ग्राहक दुकानात कॅमेरा आणि मेमरी विचारत होता, अद्यतने नव्हेत. पुढे गुगलने प्रणालीची रचनाच बदलली : २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिपशी निगडित भाग वेगळा काढला आणि २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग फोन निर्मात्याची वाट न पाहता प्ले स्टोअरमार्गे सुधारता येऊ लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पिक्सेल ८ साठी गुगलने आणि जानेवारी २०२४ मधील गॅलेक्सी एस २४ साठी सॅमसंगने सात वर्षांच्या अद्यतनांची हमी दिली. हे महाग फोन आहेत. स्वस्त मॉडेलांना मिळणारी वर्षे कमी असतात आणि कंपनीगणिक, मॉडेलगणिक बदलतात.

शिवाय ही वर्षे मोजायची कुठून, हा कळीचा मुद्दा आहे. साधारणतः ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, ग्राहकाने फोन विकत घेतल्यापासून नव्हे. चार वर्षांची हमी असलेले मॉडेल दोन वर्षांनी, दिवाळीच्या सवलतीत घेतले, तर हाती दोनच वर्षे उरतात. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी हे गणित उलटे केले आहे. तेथे मॉडेलचा शेवटचा नग बाजारात ठेवला गेल्याच्या दिवसापासून किमान ५ वर्षे अद्यतने विनामूल्य पुरवण्याचे बंधन मोजले जाते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अद्यतनांचा किमान काळ जाहीर करणे निर्मात्यांना सक्तीचे आहे.

भारतात असे बंधन नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे पोर्टल सुरू केले. मे २०२५ मध्ये आणखी एका समितीने मोबाईल व अन्य उपकरणांसाठी ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा आराखडा सादर केला, त्यातील निकषांत सुट्या भागांबरोबर सॉफ्टवेअर अद्यतनांचाही समावेश आहे. खोक्यावर एमआरपी असते तशी अद्यतनांची अखेरची तारीखही छापलेली असावी, एवढी साधी अपेक्षा ग्राहकाने करण्यात काहीच वावगे नाही.

ॲपलची स्थिती वेगळी आहे, कारण चिप, फोन आणि प्रणाली हे सारे एकाच घरचे आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्ये आयओएस १२.५.७ हे सुरक्षा अद्यतन मिळाले. २०१५ च्या आयफोन ६एस साठी सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस १५.८.५ काढण्यात आले. तथापि, जुन्या आवृत्त्यांमधील सर्व ज्ञात दोष दुरुस्त केले जात नाहीत, असे ॲपल स्वतःच सांगते. ज्या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू आहे, त्यासाठी प्रामुख्याने अशी उशिराची अद्यतने येतात. आणि प्रणाली तग धरून असली तरी ॲप साथ सोडतात. ५ मे २०२५ पासून आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस यांवर व्हॉट्सॲप चालेनासे झाले. अँड्रॉइडवर क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या ऑगस्ट २०२५ पासून अँड्रॉइड १० किंवा त्यापुढील फोनांनाच मिळतात.

अशा वेळी फोन दुरुस्त करणारा एखादा ओळखीचा तरुण सुचवतो : ‘जेलब्रेक करून घ्या’ किंवा ‘रूट करून नवे सॉफ्टवेअर मारून देतो’. चौक आणि नई सडक यांच्या दरम्यानची दालमंडी असो वा महाराष्ट्रातील कोणत्याही शहराची मोबाईल गल्ली, ही भाषा ओळखीची आहे.

जेलब्रेकचा शब्दशः अर्थ तुरुंग फोडणे. आयफोन केवळ ॲपलने स्वाक्षरी केलेलीच आज्ञावली चालवतो आणि प्रत्येक ॲपला आपापल्या कोठडीत ठेवतो. एका ॲपला दुसऱ्याची माहिती वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. जेलब्रेक ही भिंत पाडतो. अँड्रॉइडमध्ये ‘रूट’ केल्याने जवळपास तेच घडते. सुरुवातीला त्यामागे रास्त कारणे होती. २००७ चा पहिला आयफोन अमेरिकेत एकाच दूरसंचार कंपनीशी बांधलेला होता आणि ॲप स्टोअर जुलै २००८ पर्यंत अस्तित्वातच नव्हते. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेले ते फोन भारतीय सिमकार्डावर चालवायचे, तर कुलूप तोडणे भागच होते. जुलै २०१० मध्ये अमेरिकेने कॉपीराइट कायद्याच्या अंमलबजावणीत जेलब्रेकला सवलतही दिली. आपल्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर आपला पूर्ण ताबा असावा, ही भूमिका निराधार म्हणता येणार नाही.

मात्र पाडलेली भिंत मालकासाठी जशी पडते, तशीच चोरासाठीही पडते. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आयकी’ नावाच्या विषाणूने ऑस्ट्रेलियातील जेलब्रेक केलेले आयफोन गाठले. मूळ पासवर्ड न बदलल्याने त्याला आत शिरणे सोपे गेले. ऑगस्ट २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या ‘कीरेडर’ने जेलब्रेक केलेल्या फोनांतून सव्वादोन लाख ॲपल खात्यांची माहिती पळवली होती. उलट दिशेनेही हे पाहता येते. २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना पाठवलेल्या दुव्यामागे पेगॅसस हे हेरगिरीचे साधन होते. तो दुवा उघडला असता, तर त्यांच्या नकळत त्यांचा फोन दूरवरून जेलब्रेकच झाला असता. त्यांनी तो न उघडता संशोधकांकडे पाठवला आणि २५ ऑगस्ट २०१६ रोजी ॲपलने आयओएस ९.३.५ द्वारे ते दोष बुजवले. हेरांना ज्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, ते काम आपण दुकानात पैसे देऊन करवून घ्यावे का?

जेलब्रेक आणि अद्यतने यांचे तर हाडवैर आहे. जेलब्रेक बहुधा एखाद्या छिद्राच्या आधारे होतो आणि अद्यतन ते छिद्र बुजवते. त्यामुळे जेलब्रेक टिकवायचा, तर वापरकर्त्याला अद्यतन टाळावे लागते. याला ठळक अपवाद म्हणजे सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘चेकमेट’ दोष. तो आयफोन ४एस पासून आयफोन एक्सपर्यंतच्या चिपमधील कायमस्वरूपी स्मृतीत असल्याने कोणत्याही अद्यतनाने बुजत नाही. त्यासाठी फोन प्रत्यक्ष हातात घेऊन केबलने जोडावा लागतो आणि फोन पुन्हा सुरू केला, की त्याचा परिणाम संपतो. काशी विश्वनाथ मंदिरात मोबाईल नेता येत नसल्याने यात्रेकरू तो परिसरातील लॉकरमध्ये ठेवतात. अशा जागी जुना फोन चार अंकी, जन्मवर्षाच्या पासकोडवर सोडून जाणे टाळलेले बरे. सहा अंकी किंवा अक्षरमिश्रित पासकोड या दोषासमोरही बऱ्यापैकी तग धरतो.

अँड्रॉइडमध्ये एक मधला मार्ग आहे. २०१६ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लिनिएजओएस’सारख्या स्वयंसेवी प्रणाली कंपनीने सोडून दिलेल्या फोनांना नवी सुरक्षा अद्यतने देतात. हे काम कौतुकास्पद आहे. पण चिप आणि मोडेमची बंदिस्त आज्ञावली त्यांच्या आवाक्याबाहेर राहते, बूटलोडर सहसा उघडाच ठेवावा लागतो आणि बँकेची ॲप अशा फोनला बरेचदा नाकारतात. जाणकारासाठी हा प्रयोग आहे. ज्यांच्या फोनवर घरखर्चाचे खाते आहे, त्यांच्यासाठी नव्हे.

बँकांच्या नकाराला आधार आहे. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल पेमेंट सुरक्षेबाबत जारी केलेल्या निर्देशांत, फोन रूट किंवा जेलब्रेक केलेला आहे का हे तपासून तसे असल्यास ॲप चालू न देण्याची शक्यता बँकांनी पडताळावी, असे म्हटले आहे. तपासणीला चकवणारी साधने उपलब्ध आहेत. ती वापरणारा ग्राहक बँकेला नव्हे, स्वतःला फसवतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, त्रयस्थाच्या कृत्यामुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. पण नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल, तर तक्रार करेपर्यंतचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. कुलूप स्वतःच काढलेल्या फोनचा मालक या दोन वाक्यांच्या मध्ये कुठे उभा राहील, हा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

जुना फोन लगेच टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. छायाचित्रे, भजने, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे यांसाठी तो चालू शकतो. बँकेशी जोडलेले सिम आणि यूपीआय तेवढे अद्यतने मिळणाऱ्या फोनवर हलवावे. एकच फोन असेल, तर यूपीआयला मोठ्या बचत खात्याऐवजी थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते जोडता येते. फोन दुरुस्तीला देऊन परत घेतला, की सुरक्षा पॅचची तारीख मागे तर गेली नाही ना आणि बँकेचे ॲप पूर्वीसारखे उघडते ना, हे दुकानातच पाहावे. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक ‘केवायएम’ या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर संदेश पाठवल्यास तो क्रमांक वैध आहे का ते कळते. हा क्रमांक बदलणे हा दूरसंचार कायदा २०२३ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात येताच बँकेबरोबरच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवरही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.