गावासाठी घडणारा डॉक्टर : नागपूर-सेवाग्राम परिसरातील वैद्यकशिक्षणाची परंपरा

नागपूरच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर वसलेले रामटेक गडावरच्या राममंदिरामुळे, कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरीशी जोडल्या गेलेल्या नात्यामुळे आणि शेजारच्या नगरधन येथील वाकाटकांच्या राजधानीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. आरोग्यसेवेच्या अभ्यासकाला या तालुक्याची आणखी एक ओळख लक्षात ठेवावी लागते. रामटेक-नगरधनच्या बाजूला धानाची सपाट शेती आहे, तर देवलापारपासून पेंचच्या जंगलाकडे गोंड वस्त्यांचा विरळ पट्टा पसरलेला आहे. शासकीय निकषाप्रमाणे सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० व २०,००० असे आहेत. एकाच तालुक्यात असे दोन प्रदेश शेजारी नांदतात आणि दोन्हींकडे जाणारा तरुण डॉक्टर बहुधा शहरातील मोठ्या रुग्णालयात शिकलेला असतो. त्याला गावासाठी तयार कसे करावे, या प्रश्नावर नागपूर आणि सेवाग्राम या परिसरात जितका विचार व जितके प्रयोग झाले, तितके देशात फार थोड्या ठिकाणी झाले असतील.

प्रथम प्राथमिक आरोग्यसेवा या संज्ञेचा नेमका अर्थ पाहू. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे भरलेल्या जागतिक परिषदेने तिच्यात आरोग्यशिक्षण, पोषण, स्वच्छ पाणी, माता-बालसंगोपन, लसीकरण, स्थानिक साथींचे नियंत्रण, नेहमीच्या आजारांवर उपचार व आवश्यक औषधे यांचा समावेश केला. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने याहून मूर्त व्याख्या मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे यांच्या अनुभवात सापडते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते मेळघाटात जाण्याच्या तयारीत होते. त्या वेळी सेवाग्रामचे डॉ. उल्हास जाजू यांनी त्यांना तीन गोष्टी आधी शिकून घेण्यास सांगितले : सोनोग्राफी व रक्तपुरवठ्याची सोय नसताना बाळंतपण करणे, क्ष-किरण चित्राविना न्यूमोनिया ओळखणे आणि अतिसारावर उपचार करणे. पदवी हाती असूनही या तीन गोष्टींसाठी त्यांना मुंबईत आणखी सहा महिने शिकावे लागले. पुढे स्फोटात हात गमावलेल्या एका रुग्णापुढे आपले ज्ञान अपुरे पडते असे जाणवल्याने ते एम.डी. करण्यासाठी परत आले आणि त्यानंतर पुन्हा बैरागडला गेले. प्राथमिक सेवा म्हणजे कमी शिकलेल्याचे काम, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

रामटेकसारख्या तालुक्यात डॉक्टरला कोणते ज्ञान लागते, हे काही आजारांवरून स्पष्ट होईल. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली. गवत-झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म माइटच्या अळीच्या चाव्यातून हा ज्वर होतो. हिवताप व डेंग्यूच्या तपासण्या निर्दोष येतात, नेहमीची प्रतिजैविके लागू पडत नाहीत आणि उशीर झाल्यास फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. निदानाची किल्ली मात्र रुग्णाच्या त्वचेवर असू शकते. काख, जांघ किंवा कमरेच्या पट्ट्याखाली एक काळी, न दुखणारी खपली असते. विडीच्या चटक्यासारखी दिसते. ती शोधण्यासाठी रुग्णाला आडोशाला नेऊन, त्याचा संकोच सांभाळून, अंगभर पाहावे लागते. खपली सापडली, किंवा न सापडताही शंका बळावली, की डॉक्सिसायक्लिन हे अतिशय स्वस्त औषध ताबडतोब सुरू करता येते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात शर्टही न काढता तपासलेल्या रुग्णात ही खपली कधीच दिसणार नाही.

सर्पदंशाचेही तसेच आहे. घोणस चावल्यास रक्ताची गोठण्याची क्षमता जाते. ती जाणण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची, एवढी साधी चाचणी पुरते. मण्यारचा दंश मात्र या चाचणीत सापडत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो रात्री होतो, अनेकदा दंशाची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबू लागतो. पोटदुखीची गोळी देऊन असा रुग्ण घरी पाठवणे म्हणजे त्याला मृत्यूच्या हवाली करणे होय. तिसरे उदाहरण सिकलसेलचे. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शुक्ला व सोळंकी यांचा नागपूरचा शोधनिबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे हा आजार विदर्भात आहे हे साठाहून अधिक वर्षे ठाऊक आहे. विद्राव्यता चाचणीने संशयित निवडावेत, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करावी, गरजूंना हायड्रॉक्सियुरिया द्यावे, हे पुस्तकात आहे. परंतु वाहक व रुग्ण यांतील फरक एखाद्या आजीला समजेल असा सांगणे आणि लग्न ठरण्यापूर्वी दोन्ही घरांना तपासणीस राजी करणे, हे घराच्या ओसरीवरच शिकता येते.

या गरजेची जाणीव धोरणकर्त्यांना उशिरा झाली असे म्हणता येत नाही. १९४६ च्या भोर समितीने वैद्यकीय अभ्यासक्रमात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली आणि ‘सामाजिक चिकित्सक’ घडवण्याची कल्पना मांडली. त्याच समितीच्या बहुमताने लायसेन्शिएट म्हणजे एलएमपी हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करण्याचेही सुचवले. काही सदस्यांनी याला विरोध नोंदवला होता. नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये एलएमपी शिकवले जात असे. १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिक्षणाचा दर्जा उंचावला, हे खरे. पण तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणाऱ्या एलएमपी डॉक्टरांची जागा घेणारा वर्ग मात्र कुणी जाणीवपूर्वक घडवला नाही, आणि ती पोकळी आजही भरलेली नाही असे माझे मत आहे. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर १९७७ मध्ये रोम नावाची योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी, असा तिचा गाभा होता. फिरते दवाखाने मिळाले. मात्र त्यांत बसून गावी जाणारे प्राध्यापक बहुतेक ठिकाणी मिळाले नाहीत.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा मार्ग वेगळा होता. गांधीजींच्या वैद्य व पुढे १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री राहिलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. कस्तुरबा रुग्णालय त्याआधीपासून तेथे होतेच. ग्रामीण भागातील हे देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. नवे विद्यार्थी शरीररचनाशास्त्राच्या वर्गात बसण्यापूर्वी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. खादी, श्रमदान आणि साप्ताहिक सर्वधर्मप्रार्थना हे तेथील दिनक्रमाचे भाग आहेत. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी शिक्षकांसह त्या गावात पंधरा दिवस मुक्काम करतात. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि पुढील वर्षांत त्याच घरी पुन्हा पुन्हा जाणे होते. पुढच्या टप्प्यावर आंजीसारख्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात दुसरे शिबिर होते. एकाच बाळाचे वजन पहिल्या वर्षी व तिसऱ्या वर्षी आपणच करणे, यातून जे कळते ते कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही.

सेवाग्रामच्या अध्यापकांनी गावाकडून शिकण्याचीही तयारी ठेवली. डॉ. जाजू यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली ज्वारीच्या वर्गणीवरील आरोग्य विमा योजना हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. आजारपणात रुग्णालयातील सेवा मात्र गरजेप्रमाणे मिळायची. शेतमजुराच्या हातात रोकड कमी असते, धान्य मात्र विशिष्ट दिवसांत असतेच, हे निरीक्षण या योजनेच्या मुळाशी आहे. आरोग्य-अर्थशास्त्राचा इतका स्वच्छ धडा विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर पाहायला मिळाला. १९९० च्या दशकापासून संस्थेने पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण भागातील दोन वर्षांच्या सेवेची अटही घातली. त्यामुळे दुर्गम भागांतील सेवाभावी संस्थांना तरुण डॉक्टर मिळू लागले.

नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाची गोष्ट निराळी, आणि विस्मयकारकही. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे, डॉ. अभय व डॉ. राणी बंग, डॉ. कोल्हे, डॉ. हिंमतराव बावस्कर ही सारी नावे या एका महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. आमटे दांपत्याने १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पासाठी हेमलकसा गाठले. बंग दांपत्याने १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ स्थापन केले. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतल्याने त्यांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. देशभर आशाताई आज बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक भेटी देतात, त्या पद्धतीच्या मागे हे काम आहे. डॉ. बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग सिद्ध केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते, याचा हा भरभक्कम पुरावा आहे.

तथापि या थोर व्यक्तींच्या यशाचे श्रेय अभ्यासक्रमाला देता येणार नाही. आनंदवन, सर्वोदय विचार, घरचे संस्कार, वाचलेले पुस्तक, अनुभवलेली गरिबी अशा महाविद्यालयाबाहेरच्या प्रेरणांनी त्यांना गावाकडे नेले. अशी माणसे दशकात एखादी निपजतात. रामटेक तालुक्यातील प्रत्येक केंद्राला मात्र दररोज, रजेच्या दिवशीही, एक सक्षम डॉक्टर लागतो. म्हणूनच सामान्य विद्यार्थ्याला सामान्य परिस्थितीत चांगला ग्रामीण डॉक्टर बनवणारी सेवाग्रामसारखी रचना मला अधिक मोलाची वाटते.

त्या रचनेचा एक अंश आता देशव्यापी झाला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम लागू केला. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून तीन ते पाच कुटुंबे घ्यावीत आणि तीन टप्प्यांत मिळून ७८ तास त्यांच्यासाठी द्यावेत, असा आराखडा ठरला. भेटी २६, म्हणजे प्रत्येक भेटीला तीन तास. नागपूरहून देवलापारच्या पलीकडील जंगलातल्या वस्तीवर जाऊन यायलाच एवढा वेळ लागेल. साहजिकच महाविद्यालयाचा कल शहरालगतच्या गावांकडे राहणार, आणि ज्यांना गरज सर्वांत मोठी ती गावे यादीबाहेर राहणार. दुसरा धोका असा की, प्रश्नावली भरून घेणे हेच भेटीचे उद्दिष्ट बनते. कुटुंबाने माहिती द्यायची आणि बदल्यात काही मिळायचे नाही, असा व्यवहार दुसऱ्याच भेटीत दार बंद करतो. यावर उपाय ज्ञात आहे : मुक्काम. उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात विद्यार्थ्यांना व एका निवासी अध्यापकाला राहण्याची सोय झाली, तर समाजवैद्यकातील आंतरवासितेचे बारा आठवडे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांची तीन महिन्यांची जिल्हा निवासी योजना आणि शासकीय महाविद्यालयांच्या पदवीधरांची वर्षभराची बंधपत्रित सेवा या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी गुंफता येतील. आंतरवासिताला वरिष्ठ निवासी डॉक्टर शिकवील आणि दोघेही आशाताईंबरोबर वस्तीवर जातील.

शेवटचा मुद्दा निवडीचा. जपानमध्ये १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात देशातील प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडले जातात. शिक्षणाचा खर्च प्रांत उचलतो. पदवीनंतर विद्यार्थी आपल्या प्रांतात सुमारे नऊ वर्षे सेवा करतो आणि त्यात दुर्गम भागातील नेमणुकांचा समावेश असतो. ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी ग्रामीण भागात टिकून राहण्याची शक्यता अधिक असते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या शिफारशींत नोंदवले आहे. नीटपूर्वी सेवाग्रामच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. आता एकाच गुणवत्ता यादीने सर्व ठरते. देवलापारच्या पट्ट्यातील आश्रमशाळेत शिकलेली, घरी गोंडी बोलणारी मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचावी यासाठी आठवीपासून तिला विज्ञानाचे शिक्षक, शिकवणी व शिष्यवृत्ती द्यावी लागेल. ती डॉक्टर होऊन परतली, तर सिकलसेलच्या तपासणीसाठी तिला दुभाषा लागणार नाही.