गोळी गोड, पण साखर नव्हे

"डॉक्टर, चहात साखरेऐवजी गोळी टाकतो. मग सणाला दोन लाडू चालतील ना?" मधुमेहाचे रुग्ण हे हमखास विचारतात. उत्तर 'नाही' असेच आहे. गोळीने साखर वाचते ती त्या कपापुरती.

चहाचा एक चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, २० कॅलरी. दिवसाला चार कप व कपाला दोन चमचे धरल्यास १६० कॅलरी वाचतात. ही बचत थोडी नव्हे. पण त्याच चहात चार बिस्किटे बुडवली, तर मैद्यामुळे रक्तातील साखर वाढतेच. 'शुगर फ्री' मिठाईतही खवा, मैदा, तूप असतेच. गूळ आणि मध 'नैसर्गिक' म्हणून खाणाऱ्यांनीही समाधान मानू नये, तीही साखरच.

सॅकरिन १८७९ मध्ये अमेरिकेत सापडले. ते साखरेच्या सुमारे ३०० पट गोड, पण मागाहून जीभ कडवटते. अ‍ॅस्पार्टेम सुमारे २०० पट गोड. उकळल्यास त्याची गोडी जाते, म्हणून चहा कपात ओतल्यावरच टाकावे. खिरीसाठी सुक्रालोज बरे.

कॅन्सरचे काय? २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कॅन्सरकारक' गटात घातले गेले, कारण पुरावा अपुरा होता. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम अशीच ठेवली. साठ किलोच्या माणसाला ती गाठायला शंभराच्या आसपास गोळ्या लागतील! मात्र वजन घटवण्यासाठी अशा गोळ्या वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच सांगितले. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही.

सर्वांत महत्त्वाचे पुढेच आहे. इन्सुलिन किंवा काही औषधे घेणाऱ्यांची साखर जेवण चुकल्यास एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी घरात साखर नाही म्हणून ही गोळी पाण्यात विरघळवून देऊ नये. तिने रक्तातील साखर वाढत नाही. तीन चमचे खरी साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी. म्हणून गोळ्यांच्या डबीबरोबर साखरेची पुडीही खिशात असावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णालयात न्यावे.