घाटरस्ता आणि जुन्या घडणीची मोटारसायकल

महाबळेश्वरच्या 1,300 मीटरांहून उंच पठारावरून निघालेला रस्ता प्रतापगडाला बगल देऊन आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरू लागला, म्हणजे सुमारे 40 किलोमीटरांच्या वाटचालीत सह्याद्रीची बहुतेक सारी उंची खर्ची पडते. आणि एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी अशा त्या रस्त्यावर सरळ म्हणावा असा तुकडा क्वचितच लाभत असल्यामुळे, वाहनाची पारख त्याच्या कमाल वेगावरून करण्याचा शहरी शिरस्ता येथे निरुपयोगी ठरतो. गोल दिव्याच्या, फुगीर टाकीच्या आणि ताठ बैठकीच्या जुन्या घडणीच्या मोटारसायकली हल्ली पुन्हा लोकप्रिय झाल्या आहेत, ह्यामागे केवळ गतकाळाची ओढ असावी असा समज रूढ आहे. परंतु ह्या गाडीचे खरे गुण घाटात प्रत्ययास येतात, कारण घाटाला जो वेग मानवतो तोच तिलाही मानवतो.

आपल्याकडे ह्या घडणीचा मान प्रथम बुलेटचा. इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीने हे नाव 1932 साली प्रचारात आणले; स्वातंत्र्यानंतर सीमेवरील गस्तीसाठी भारत सरकारने 350 सीसीच्या बुलेटची मागणी नोंदविली, आणि 1955 साली मद्रासेस एनफील्ड इंडियाचा कारखाना उभा राहिला. पुढे इंग्लंडातील उत्पादन बंद पडले, मद्रासचे मात्र अखंड चालू राहिले. त्यामुळे इतर देशांत जी घडण संग्रहालयात गेली, ती आपल्याकडे दूधवाल्यापासून फौजदारापर्यंत सर्वांच्या नित्य वापरात टिकली.

घाटाशी तिचे सख्य जुळते ते इंजिनाच्या रचनेमुळे. रॉयल एनफील्डच्याच आजच्या क्लासिक 350 ह्या गाडीच्या एकुलत्या एका सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर असून दट्ट्याची धाव 85.8 मिलिमीटर आहे. अशा लांब धावेच्या इंजिनाला फार वेगाने फिरणे मानवत नाही, परंतु मिनिटाला अवघ्या 4,000 फेऱ्यांतच ते आपला सारा जोर, म्हणजे 27 न्यूटन-मीटर इतका पीळ, चाकाच्या स्वाधीन करते. परिणामी चढणीवर वळण संपताच घाईघाईने गिअर बदलण्याचा प्रसंग वारंवार येत नाही. तिसऱ्या गिअरात, जात्यावर दळण चालावे तशा सावकाश लयीत, सुमारे 195 किलो वजनाची ही गाडी स्वारासह घाटमाथा गाठते.

वळणाचा हिशेब मात्र कोणत्याही गाडीला चुकलेला नाही. वळणावर गाडीला कलावेच लागते, आणि वेग थोडा वाढला तरी कल फार वाढतो: 20 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 36 किलोमीटर वेगाला सुमारे 27 अंशांचा कल पुरतो, परंतु तोच वेग 54 झाला की 49 अंश कलावे लागते, आणि तेथवर पोहोचण्याच्या पुष्कळ आधी ह्या गाडीचे पायदान डांबराला घासू लागते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणात शिरण्यापूर्वी. गिअर उतरवायचा तोही त्यापूर्वीच. आणि मग दृष्टी वळणाच्या शेवटाकडे ठेवून, डावीकडे जायचे असेल तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे रेटायची, म्हणजे गाडी डावीकडे कलून आपोआप वळण घेते. वळणाच्या आतल्या कडेला चाकांनी लोटलेली बारीक खडी, आषाढात कातळावरून ओघळणाऱ्या पाण्याने डांबरावर धरलेले शेवाळ, एखाद्या मालमोटारीतून सांडलेल्या डिझेलचा सप्तरंगी डाग, हे सारे बेतशीर वेगातच वेळेवर दिसते.

उताराला अधिक सावधगिरी हवी. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा दंडक शास्त्रशुद्ध आहे. इंजिनाचा अवरोध उपयोगात न आणता पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर सारा भार ब्रेकवर येतो आणि तापत गेलेला ब्रेक ऐन निकडीच्या वेळी दगा देतो. 2019पासून 125 सीसीवरील नव्या मोटारसायकलींना चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली, ही तजवीज स्तुत्य आहे. परंतु ओल्या खडीवर घर्षणच उरले नसेल, तर ते कोणत्याही यंत्रणेला निर्माण करता येत नाही. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा रहदारीचा कायदाही ह्याच जाणिवेतून आला आहे, कारण भरल्या गाडीला चढणीवर थांबून पुन्हा निघणे फार कष्टाचे असते.

तेव्हा ह्या गाडीची शिफारस करताना मी तिच्या रूपाचा दाखला देणार नाही. ज्या वेगात पुढचे वळण नीट वाचता येते, समोरून चढत येणाऱ्या एसटीला वाट देण्यास अवसर राहतो आणि घाटातल्या वाडीवरचा माणूस निर्धास्तपणे रस्ता ओलांडू शकतो, त्याच वेगात जिला सर्वांत सुखाने चालता येते, ती गाडी घाटाला योग्य होय. ज्याला ह्याहून अधिक वेगाचा सोस असेल, त्याने तो पुरविण्यासाठी घाटाची वाट धरू नये.