पुरुषांची हाडं: पहिलं मोडणं हीच सूचना

हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे. पाळी थांबल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं झिजतात. पुरुषांची सावकाश झिजतात, म्हणून त्यांचा त्रास उशिरा दिसतो. पण जगभरचा अंदाज असा आहे, की पन्नाशी ओलांडलेल्या दर तीन बायकांमागे एकीचं आणि दर पाच पुरुषांमागे एकाचं हाड पुढच्या आयुष्यात या ठिसूळपणापायी मोडतं. आणि खुब्याचं हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त असतं. म्हणून आज वैरागमध्ये आम्ही मुद्दाम पुरुषांविषयी बोलतो आहोत.

डब्बो गावानं काय दाखवलं

ऑस्ट्रेलियात डब्बो नावाचं एक गाव आहे, शेतीच्या मुलखातलं. तिथं १९८९ पासून साठीच्या पुढच्या माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. कुणाचं हाड मोडलं, पुढं काय झालं, सगळं लिहिलं गेलं. त्यातून दिसलं, की साध्या पडण्यानं हाड मोडलेली माणसं त्याच वयाच्या इतरांपेक्षा लवकर जातात. पुरुष तर जास्तच. नुसत्या खुब्याचं नाही, मणक्याचं हाड दबलं तरी तेच. हा वाढलेला धोका साधारण पाच वर्षं राहतो, खुब्याच्या बाबतीत त्याहून जास्त. दुसरं हाड मोडलं, की तो पुन्हा वाढतो.

आता, पडणारा माणूस आधीच अशक्त असतो, हेही खरं. सगळा दोष हाडाचा नाही. पण ते मोडणं ही सूचना असते, आणि आपण ती ऐकत नाही. प्लास्टर निघालं, की विषय संपला!

दुखत नाही, म्हणून कळत नाही

हाड जिवंत असतं. जुनं झिजतं, नवं भरतं. तिशीपर्यंत जमा जास्त, पुढं हळूहळू खर्च जास्त. गुडघे दुखतात तो सांध्यांचा त्रास. हाड ठिसूळ होताना दुखत नाही. मग ओळखायचं कसं? उंची तीन-चार सेंटिमीटर कमी झाली, धोतर-लेंगा जमिनीला टेकायला लागला, पाठीला पोक आलं, तर मणका दबला असण्याची शक्यता आहे. उभ्याउभ्या पडून मनगट मोडलं, तर ‘पाय घसरला’ म्हणून सोडून देऊ नका. डेक्सा नावाच्या तपासणीत हाडाची घनता कळते.

काही जणांना धोका जास्त. दम्यासाठी वा संधिवातासाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, रोज दारू पिणारे, बिडी ओढणारे, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनचं इंजेक्शन घेणारे. गुडघेदुखीवर कुणी बिननावाची पुडी देत असेल, तर सांभाळा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

भाकरी चांगली, पण पुरेशी नाही

हाडांसाठी रोज साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली ज्वारी गुणाची, पण १०० ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. पेलाभर दुधात सुमारे ३००. घरचं सगळं दूध डेअरीला घालू नका. म्हाताऱ्या माणसाच्या वाटचं पेलाभर दूध, वाटीभर दही मागं ठेवा. भाकरीला तीळ लावा, नुसते संक्रांतीपुरते नकोत. सोबत डाळ, उसळ, अंडं हवं. स्नायू राहिले तर तोल राहतो.

कुणी म्हणतं, ‘तंबाखूबरोबर चुना खातोच की.’ चुन्यात कॅल्शियम असतं खरं, पण त्यासाठी तोंडाचा कॅन्सर ओढवून घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

आता ऊन. शेत पोरांच्या हाती दिलं, की माणूस पारावर सावलीत बसतो. अंगभर कपडे, डोक्याला टोपी. वयानं कातडीची ड जीवनसत्त्व करायची ताकदही घटते. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसा. कमतरता निघाली, तर गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या. वारीला चालणाऱ्यांचे पाय चांगले राहतात, पण ते वर्षातले काही दिवस. रोज चाला आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा.

‘या वयात ऑपरेशन कशाला?’

हा प्रश्न श्रोत्यांतून आला, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. खुबा मोडलेल्या ऐंशीच्या माणसाला घरचे म्हणतात, पडून राहू दे. पण पडून राहणं हाच मोठा धोका. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. ऑपरेशन होण्यासारखं असेल, तर ते शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावं आणि माणसाला लगेच उभं करावं. मोडलेला खुबा चोळायला, ओढायला नेऊ नका. त्यात मोलाचा वेळ जातो.

ऑपरेशननंतर मात्र डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: ‘हाड जोडलं, पण बाकीच्या हाडांसाठी औषध काय?’ आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक सलाईन अशी औषधं आहेत. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

आणि घरी गेल्यावर आज एवढं करा: न्हाणीघरात आधाराची दांडी बसवा, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा.