टाचदुखी : वाढलेल्या हाडाचा बागुलबुवा

टाचदुखीचा आढावा घ्यायचा तर पहिला मान सुश्रुतांचा. पाऊल वेडंवाकडं पडून होणाऱ्या 'वातकंटका'ची नोंद त्यांनी केली. त्यावर अग्निकर्म, म्हणजे डाग देण्याचा उपचार, करणारे वैद्य आजही आहेत. पुढं क्ष-किरण आले, 1900 साली प्लेटनर या जर्मन डॉक्टरनं टाचेखालच्या हाडाच्या टोकाचं वर्णन केलं, आणि शतकभर सगळा दोष त्या टोकाच्या माथी बसला. मधल्या काळातले पट्टे, साचे, शस्त्रक्रिया यांत विशेष रमावं असं काही नाही.

माझं भांडण त्या टोकाशीच आहे. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पालमला कापसात खुरपणी करणाऱ्या बाया, दिवसभर फळ्यापुढं उभे राहणारे मास्तर, एसटीचे वाहक असे सगळे एकच वाक्य घेऊन येतात, "डॉक्टर, हाड वाढलंय." क्ष-किरणांचा फोटो पाहून त्यांना कुणीतरी तसं सांगितलेलं असतं. असं टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांनाही असतं. टोक तसंच राहून दुखणं पार जातं, हेही नेहमीचंच.

दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पडदा. रात्रभर आखडलेला हा पडदा सकाळच्या पहिल्या पावलाला ताणला जातो आणि कळ मस्तकात जाते. वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, सपाट किंवा फार उंच कमान, तासन्‌तास उभं राहणं ही कारणं जुनीच. त्यांत आता घरोघर फरशी आली, ओट्यापाशी उभ्यानं स्वयंपाक आला, पण घरात चप्पल घालणं अजून बऱ्याच घरांत शिष्टाचाराविरुद्ध समजतात. देवघर सोडून इतरत्र मऊ तळाची वेगळी चप्पल घालावी, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. झिजलेली स्लिपर मात्र टाकूनच द्यावी.

2003 साल मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पडद्याचे तुकडे तपासले; त्यांत दाहापेक्षा झीज दिसली. त्याच वर्षी डिजोव्हानी यांच्या गटानं पडदाच ताणण्याचा व्यायाम केवळ पोटरी ताणण्यापेक्षा सरस असल्याचं दाखवलं. अंथरुणातून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, हातानं बोटं नडगीकडं ओढा, दहा अंक मोजा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. 2014 मध्ये डेन्मार्कच्या रॅथलेफ यांनी पुढची पायरी दिली: बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीच्या कडेवर सावकाश टाचा उचलणं, एक दिवसाआड. दोन्हींना दमडी लागत नाही.

"व्यायामानं काय होतं, एक सुई पुरे," म्हणणारे व्यवसायबंधू आहेत. स्टेरॉइडच्या सुईनं काही आठवडे आराम पडतो, हे मान्य. पण पुनःपुन्हा टोचल्यास पडदा फाटण्याची आणि टाचेची चरबीची गादी विरण्याची भीती असते. दहातले आठ-नऊ रुग्ण सुरीविना वर्षभरात बरे होतात. तेवढा धीर रुग्णाला द्यायचा कुणी?

पूर्वीचे डॉक्टर पाय मांडीवर घेऊन अंगठ्यानं दुखरी जागा शोधत. दोन्ही बाजूंनी टाच दाबल्यावर कळ आली तर हाडाच्या बारीक तड्याची शंका घेत. आठ ते चौदा वयाच्या मुलाची टाच हाडाच्या वाढत्या भागामुळं दुखते, तरुणाच्या दोन्ही टाचा सकाळी कंबरेसकट आखडल्या तर संधिवात शोधावा लागतो, हे हातालाच कळायचं. आता रुग्ण बसण्याआधी फोटोची चिठ्ठी तयार असते. ही अधोगती आहे.

शेगावची पालखी परभणी-गंगाखेडवरून पंढरीला जाते. त्या वाटेला लागणाऱ्यांनी महिनाभर आधी पडदा ताणण्याचा व्यायाम सुरू करावा. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, भेगा रोज पाहाव्यात. मुंग्या, सूज, ताप, जखम असेल तर न थांबता डॉक्टरला दाखवावं. बाकीच्यांनी सुईआधी तीन महिने व्यायामाला द्यावेत, आणि आपली टाच हातानं दाबून न पाहणाऱ्या डॉक्टरला त्याचं कारण स्पष्ट विचारावं.