शालेय नेतृत्व व शिक्षकांतील असंतोष

शालेय नेतृत्व व शिक्षकांतील असंतोष : मुख्याध्यापक ज्या रीतीने निर्णय घेतो, ते अमलात आणतो व सहकारी शिक्षकांशी वागतो, तिला शालेय नेतृत्वशैली म्हणतात. शिक्षकांचा असंतोष कोणत्या मार्गाने व्यक्त होईल, हे बव्हंशी या शैलीवर अवलंबून असते.

नेतृत्वशैलींच्या प्रायोगिक अभ्यासाचा पाया कुर्ट लेव्हिन (१८९०–१९४७), रोनल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात घातला. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दहा वर्षे वयाच्या मुलांच्या गटांना हुकूमशाही, लोकशाही व निर्हस्तक्षेपी नेत्यांच्या हाताखाली ठेवण्यात आले. हुकूमशाही गटांत आक्रमकता किंवा निमूट आज्ञापालन आढळले. निमूट गटांचे काम नेता खोलीबाहेर जाताच मंदावे, लोकशाही गटांचे मात्र चालू राही. मोकळे वातावरण मिळताच दडपलेला ताण उफाळून येई. शांतता ही समाधानाची खूण नव्हे, हे यावरून दिसून आले.

अँड्र्यू हॅल्पिन व डॉन क्रॉफ्ट यांनी अमेरिकेतील ७१ प्राथमिक शाळांची पाहणी करून (१९६३) मुक्त ते बंदिस्त असे शालेय वातावरणाचे सहा प्रकार सांगितले. मुक्त वातावरणात मुख्याध्यापक स्वतः झटून उदाहरण घालून देतो व शिक्षकांत संघभावना असते. बंदिस्त वातावरणात तो दूरस्थ राहून नियमांवर बोट ठेवतो. शिक्षक कामातून मन काढून घेतात. उशिरा येणे, वारंवार रजा, गटबाजी, निनावी तक्रारी ही अशा मूक असंतोषाची रूपे होत. सभेतील मतभेद वा लेखी निवेदन हे त्याचे उघड व अधिक निरोगी रूप होय.

तथापि सर्व असंतोषाचे मूळ मुख्याध्यापकात शोधणे चूक ठरेल. महाराष्ट्रात १९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांसमवेत शिक्षकांनी केलेला ५४ दिवसांचा संप महागाई भत्त्यासाठी होता. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ च्या अधिनियमाने बडतर्फी व पदावनतीविरुद्ध शालेय न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय केली. परंतु तासांची वाटणी, रजेची मंजुरी, चारचौघांत दिलेली समज यांसारख्या दैनंदिन बाबी न्यायाधिकरणापर्यंत क्वचितच जातात. त्यांतील न्याय मुख्याध्यापकाच्याच हाती असतो. निर्णयाची कारणे सांगणे आणि तक्रार निर्भयपणे मांडू देणे, हे असंतोष चिघळू न देण्याचे सर्वांत जवळचे साधन होय.